तीन हिरवे

गॅस, गिझर, कुलूप. घरातून निघताना मी एकेकाचं नाव घ्यायची आणि लिफ्टचं दार धरून उभे असलेले हे म्हणायचे, "तीन हिरवे." विमान उतरवण्याआधी चाकं खाली येऊन पक्की बसली की वैमानिकासमोर तीन हिरवे दिवे लागतात, एकेका चाकाचा एकेक. हे एका कारखानदाराचं छोटं खाजगी विमान चालवायचे. त्या सगळ्या रुबाबातलं एवढंच आमच्या घरापर्यंत पोचलं, असं मी चिडवायची.

त्या दिवशी मी विमानतळाजवळच्या वाघोलीतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर पांढरं प्लास्टिक अंथरून साबुदाण्याच्या पापड्या घालत होते. ह्यांचं विमान मला लांबूनही ओळखू यायचं, शेपटीवर निळा पट्टा होता. ते उतरायला खाली आलं आणि पुन्हा वर गेलं. फिरून परत आलं, तेव्हा पोटाखाली दोनच पाय दिसले. मी हातातली पळी धरून तशीच उभी राहिले. इंधन संपवण्यासाठी ते घिरट्या घालत होतं, हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की मला काहीही करता येणार नाही.

ह्यांनी उरलेली चाकंही आत घेतली आणि विमान पोटावर उतरवलं. मागे बसलेले मालक आणि त्यांची बायको चालत बाहेर आले. ह्यांच्या कपाळाला थोडं खरचटलं. सोसायटीत पेढे वाटले गेले. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "अहो, टायरमध्ये अधूनमधून हवा भरायची असते." एरवी ह्यांनी ते सव्याज परत केलं असतं. हे नुसते मान हलवून आत गेले आणि मला त्या दिवसात पहिल्यांदा रडू आलं.

चौकशीत ह्यांची चूक निघाली नाही. तरी हे पुन्हा विमानात बसले नाहीत. एकदाच, जेवताना, म्हणाले, "वरून आपली गच्ची दिसत होती. तुझं प्लास्टिक चमकत होतं. वाटलं, आता आपण काही तिथे जात नाही." मी आमटी वाढली.

तेव्हापासून मी गॅस, गिझर, कुलूप म्हणायची आणि हे मुकाट्याने लिफ्टचं बटण दाबायचे. मी चिडून म्हणून पाहिलं, लाडाने म्हणून पाहिलं. मला ते दोन शब्द परत हवे होते. विमान गेलं खड्ड्यात, माझा माणूस मला परत हवा होता.

यंदा उन्हाळ्यात ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. सकाळी बॅग घेऊन निघालो. मी सवयीने म्हटलं, "गॅस, गिझर, कुलूप."

लिफ्टचं दार धरून हे म्हणाले, "तीन हिरवे."

मला इतका आनंद झाला की रिक्षात बसल्याबसल्या मी ह्यांचा हात धरला, आमच्या वयाला न शोभेल असा. हॉस्पिटल येईपर्यंत सोडला नाही.

हे घरी परत आले नाहीत.

आता मी एकटीच बाहेर पडते. तिन्हींची नावं घेते. लिफ्ट येते, दार उघडतं आणि धरायला कोणी नसतं म्हणून मिटतं. मी परत जाऊन कुलूप ओढून बघते.