परात गोल दिसेपर्यंत

माझी शाळा दुसरीत सुटली. तरी मेंढरांच्या बाजारात माझ्या नजरेपुढं कुणी शब्द काढला नाही. जनावर समोर उभं केलं की पायांची लांबी आणि पोटाचा घेर बघून मी सांगायचो, ह्याला पाणी पाजून आणलंय, हे फुगवलेलं हाय. चाळीस वर्षं लोकांनी ती नजर मानली. माझ्या घरच्यांनी ती एका टीव्हीपायी मोडीत काढली.

नव्वद सालानंतरची गोष्ट, दशक संपत आलं होतं. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मी मेंढरं मोडली, पळसदेवकडचं रान वाट्यानं लावलं आणि बारामतीत पोराकडं राहायला आलो. पोराचं मोटारीच्या सामानाचं दुकान. शेजारचा दुकानदार मुसलमान, चांगला माणूस, मला तात्या म्हणायचा. त्याचा भाऊ आखातात होता. त्यानं येताना रुंद पडद्याचा टीव्ही आणला, तो त्यांच्या खोलीत मावेना, म्हणून पोरानं घेतला. आमच्या आळीत तसला दुसरा नव्हता. पोरगा आल्यागेल्याला चहाच्या आधी टीव्ही दाखवायचा.

जोडायला आलेल्या माणसानं रंग शेवटापर्यंत चढवला, आवाजातला घुमणारा ढोल चढवला, आणि म्हणाला, "आता बघा." बघितलं. बातम्या देणारी बाई शेंदूर फासल्यासारखी लाल, आणि गाल असे की दोन्हीकडं भाकरी धरल्यात. मी म्हणालो, "ही बाई अशी नसंल." तो हसला. "आबा, रुंद टीव्हीत माणूस रुंदच दिसणार की."

माझं काय जात होतं? त्या बाईशी माझं काही नातं नव्हतं. मी तंबाखू मळायला घेतली.

पण चार दिवसांनी पोरानं माझ्या लेकीच्या लग्नाची कॅसेट लावली. बायकोचं हलतंबोलतं असं तेवढंच राहिलंय. दुसरं म्हणावं तर मतदानाच्या कार्डावरचा फोटो, त्यात ती कुणाचीही बायको वाटते. कॅसेटमध्ये ती एकदाच नीट दिसते. मांडवाच्या कडेला परात घेऊन उभी आहे, शेजारी तिची थोरली बहीण. दोघी काहीतरी बोलतात, पण मागं बँड वाजतोय, त्यात बोलणं बुडून जातं. जुन्या लहान टीव्हीवर मी ते शंभरदा बघितलं असेल. नव्या टीव्हीवर बघितलं, तर ओळखू येईना. माझी बायको काडीसारखी होती. इथं कुणी सावकारीणच उभी होती, लालबुंद, दंड मांडीएवढे.

पोरानं नात मांडीवर घेतली होती. आजी गेली तेव्हा नात दोन वर्षांची, तिला काही आठवत नाही. ती म्हणाली, "आजी एवढी जाड होती?"

"व्हती की," सून हसत म्हणाली. "खात्यापित्या घरची."

मी म्हणालो, "न्हाय. ती अशी नव्हती. हे चित्र खोटं हाय."

पोरगा म्हणाला, "आबा, परदेशी माल हाय. त्यो खोटा, आन् तुमी खरं व्हय?"

"व्हय," मी म्हणालो. "ती परात बघ. ही परात आपल्या घरची हाय, आत्ता मोरीत पडलीया. ती गोल हाय का अंड्यासारखी?"

सगळे हसले. नातसुद्धा. मी उठून पडद्याला वीत लावली. आडवी एक वीत आणि वर चार बोटं. उभी नुसती वीत. परात तिनं समोर धरलेली आहे, तोंड आपल्याकडं; ती गोलच दिसायला पाहिजे. एवढं साधं. पोरगा म्हणाला, "काचंवर हात नका लावू, डाग पडत्यात."

त्या दिवशी मी ठरवलं. ह्या पोरीनं आपल्या आजीला पाणी पाजलेल्या मेंढीसारखी लक्षात ठेवायची नाही.

दुपारी घर रिकामं असायचं. पोरगा दुकानात, सून शिवणाच्या क्लासला, नात शाळेत. मी कॅसेट परातीपाशी आणून थांबवायचो आणि रिमोट घेऊन बसायचो. त्याच्यावरचं सगळं इंग्रजी. मला मराठी वाचताना ओठ हलवावे लागतात, इंग्रजी कुठलं? एकेक बटण दाबायचं, काय बिघडतंय बघायचं, परत दाबायचं. एकदा सगळा पडदा निळा झाला. एकदा आवाजच गेला तो संध्याकाळपर्यंत आला नाही, आणि सुनेनं शेजारणीला ऐकू जाईल असं म्हटलं, "मामांना सांगायचं कुणी?"

पाचव्या की सहाव्या दुपारी ते बटण सापडलं. एकदा दाबलं तर चित्र मोठं झालं आणि बायकोचं डोकं वर कापलं गेलं. दुसऱ्यांदा दाबलं तर मधली माणसं बरी, कडेची ताणलेली. तिसऱ्यांदा दाबलं आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या, मध्ये चित्र आखडलं. मी उठून वीत लावली. उभी एक वीत, आडवी एक वीत. परात गोल.

बायको समोर उभी होती. गळ्याची हाडं वर आलेली, चोळीच्या बाह्या ढिल्या. तीच.

ते बटण हरवू नये म्हणून तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेऊन त्याच्यावर ठिपका दिला. मग पडद्यावर उमटणारी रंगाची रेघ मागं नेली, तोंडावरचा शेंदूर उतरला. मग आवाज, तो बातम्या लावून बघितला. एका रेघेनं ढोल कमी होत होता, दुसरीनं बारीक आवाज वर येत होता. त्या दोन्ही लावून ठेवल्या, पण कॅसेट पुढं सोडली नाही. एकट्यानं ऐकायचं नव्हतं. सगळ्यांसमोर ऐकवायचं होतं. माझी जिद्दच तशी.

रविवारी सकाळी मी सगळ्यांना बसवलं. सून आधीच तापलेली, रिमोटला चुना फासला म्हणून. पोरगा म्हणाला, "एवढा रुंद टीव्ही, आन् दोन्हीकडं काळं? मग घेतला कशाला?" मी म्हणालो, "बस. बघ." नातीला म्हणालो, "ही तुझी आजी. नीट बघून घे."

नात म्हणाली, "आता किती बारीक झाली."

कॅसेट सोडली. बँड लांब गेल्यासारखा झाला आणि लग्नानंतरच्या पाच वर्षांत पहिल्यांदा त्या दोघींचं बोलणं खोलीत आलं. मेहुणी म्हणत होती, "अगं, सकाळपासनं उभी हाईस. दोन घास खाऊन घे की."

बायको म्हणाली, "कशी खाऊ? आमचे हे रुसून बसल्यात चिंचंखाली. त्यांनी घास घेतल्याबिगर मी कशी घिऊ?"

"मग सांग जा त्यांस्नी."

"सांगून उपेग हाय का? ऐकलंय कवा कुणाचं?" असं म्हणून ती हसली. मग कॅमेरा नवरदेवाकडं गेला.

त्या लग्नात व्याह्यांनी मानाचा फेटा आधी माझ्या धाकट्या भावाला बांधला होता. मुलीचा बाप मी. आधी मला बांधायला पाहिजे होता. मी उठून चिंचेखाली जाऊन बसलो आणि व्याही स्वतः फेटा घेऊन येईपर्यंत हललो नाही. ते मी बरोबरच केलं. बाजारात, पारावर मी ती गोष्ट सांगत आलोय, लोक माना डोलवत आलेत. तिनं कधी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

सून उठून आत गेली. पोरगा पडद्याकडं बघतच म्हणाला, "आबा, तुमी त्या दिवशी कवा जेवला?"

"दिवस कलल्यावर."

"आन् आई?"

मी आठवायचा प्रयत्न केला. व्याही कसे आले, कुठल्या रंगाचा फेटा, पंगतीला माझ्या डावीकडं कोण होतं, हे सगळं आठवलं. ती कुठं होती, ते आठवेना.

"मला म्हाईत न्हाय," मी म्हणालो.

पोरानं कॅसेट मागं नेली, परातीपाशी थांबवली. मग माझ्या हातातला रिमोट घेतला. त्याला शोधावं लागलं नाही, चुन्याचा ठिपका होताच. एकदा दाबलं. काळ्या पट्ट्या गेल्या. बायको रुंद झाली, गळ्याची हाडं बुजली, दंड भरले.

"राहू द्या आता अशीच," तो म्हणाला. "हितं तरी पोटभर जेवल्यासारखी दिसतीया."

नात त्याच्याकडं बघायला लागली, मग माझ्याकडं. तिला कुठली आजी खरी, ते विचारायचं होतं. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तिनं विचारलं नाही.

सुनेनं दुपारी ओल्या फडक्यानं चुना पुसून टाकला. टीव्ही पुढं सात वर्षं चालला आणि त्यात सगळं जग रुंदच दिसलं. मी त्याच्यासमोर परत बसलो नाही, बाहेर ओट्यावर बसायचो. पोराला वाटलं, मला लाज वाटली. वाटली असेल. पण परात गोलच होती, हे मी आजही म्हणतो.