दोन ट्रॉल्या खत आणि नवसाची वांगी

हुमणी नावाची पांढरी अळी जमिनीखाली राहून पिकाची मुळं खाते, आणि आमच्या गावात ती मी आणली.

मी निवृत्त मास्तर. धाड गावी सेंद्रिय शेतीच्या शिबिराला एक दिवस बसलो, टोपी आणि प्रमाणपत्र घेऊन परतलो आणि तज्ज्ञ झालो. (पहिलं भाषण हुकलं, चहाची रांग मोठी होती.) इकडे बायकोने, शोभाने, वांगी लावली होती. पोरीला नोकरी लागली तर घरच्या वांग्यांची भाजी आणि गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे गावाला जेवू घालीन, असा तिचा नवस. पोरीला नोकरी लागली! आता घराची लाज वांग्यांच्या हाती होती.

मी मेहुण्याकडून दोन ट्रॉल्या शेणखत फुकट आणलं.

"हे कच्चं दिसून राह्यलं हो!" शोभा म्हणाली. "माह्या भावानं फुकट देल्लं म्हंजे काईतरी गडबड आहे. त्यापेक्षा निंबोळी पेंड टाका."

"प्रमाणपत्र कोनाजवळ आहे?"

उरलेलं खत शेजाऱ्यांना वाटलं. टोपल्यामागे एक भाषण मोफत!

महिन्याभरात वांग्यांनी माना टाकल्या. रोप ओढलं तर मुळांशिवायच हातात आलं! खाली गुबगुबीत अळ्या वेटोळं करून पडलेल्या. मी लगेच हुमणीला रोग लावणारी बुरशीची पावडर आणली आणि भर उन्हात, कोरड्या मातीत उधळली. (तिला ओलावा लागतो, हे दुसऱ्या भाषणात होतं. तेव्हा मी टोपी बदलून घेत होतो, सैल होती.) अळ्यांनी दखलही घेतली नाही.

तेवढ्यात शेजारचे नामदेवभाऊ अळ्यांनी भरलेली परात घेऊन दारात!

"मास्तर, तुमच्या खतातले पाव्हने. घ्या वापस!"

"अहो, कच्च्या खतात असतातच त्या..."

"मंग काऊन वाटलं जी, भाषनं देत देत?"

शेवटी शोभाने माती खणली, नामदेवभाऊंच्या कोंबड्या आणून सोडल्या आणि पेंड टाकली. चार दिवसांत अळ्या साफ. ना टोपी, ना प्रमाणपत्र! पण तोवर वाचलेल्या झाडांना लागली सतरा वांगी, आणि पंगत दीडशे माणसांची.

भाजीत आलू वाढले, पण घरच्या वांग्याची एकेक फोड प्रत्येक पाहुण्याच्या पानात पडली. नवस फिटला. शोभाचे डोळे भरून आले, मलाही बरं वाटलं. मग ती माझ्या पानाशी आली आणि तिने नुसता देठ वाढला.

"वांगं?" मी विचारलं.

"तुमच्या वाट्याले मुळं होते. ते हुमनीनं खाल्ले."

मी टोपी काढून ठेवली आणि देठ चोखायला घेतला.