सतरा खड्यांची सोन्याची घडी

“डायलवर एकवीस लिवा,” रामाजी म्हणाले.

मी डोळ्याला लावलेलं भिंग, आमची आयग्लास, काढली आणि त्यांच्याकडे पाहिलं. माणूस थट्टा करत नव्हता. माझ्यासमोर त्यांची सोन्याची स्विस घडी मागचं झाकण काढून ठेवलेली होती आणि आतल्या मशीनवर कंपनीनं स्वच्छ कोरलं होतं, सतरा ज्वेल्स. डायलवर आकड्याचा उल्लेखच नव्हता. इतकी मोठी कंपनी, तिला आपले खडे दारावर टांगायची गरज वाटली नव्हती.

ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. सीताबर्डीच्या मेन रोडवर एका दुकानात मी घड्याळाचा कारागीर होतो. आमच्याकडे घड्याळाला घडीच म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहितो. रामाजी मौद्याचे, तेंदूपत्त्याचे ठेकेदार. कन्हानकडच्या एका खाणीचा म्हातारा मॅनेजर गाव सोडून चालला होता, त्याच्याकडून त्यांनी ही घडी विकत घेतली होती. धाकटी पोरगी मंदा हिचं लग्न ठरलं होतं आणि घडी जावयाला द्यायची होती.

ज्वेल म्हणजे काय, ते सांगतो. घडीतल्या चाकांचे आस सुईपेक्षा बारीक. ते पितळेत फिरले तर पितळ खाऊन टाकतील. म्हणून जिथे आस टेकतो तिथे माणकाचा बारीक खडा बसवतात. हातानं चावी द्यायच्या चांगल्या घडीला सतरा खडे म्हणजे पोटभर जेवण. त्यावर चार वाढवले तर बहुतेक वेळा ते नुसते शोभेचे असतात. पण बाजारात आकडा बोलतो. गिऱ्हाईक दुकानात शिरलं की आधी विचारणार, कितीची आहे.

एकवीस काहून, असं मी त्यांना विचारलं.

“थोरल्या जवायले एकवीसवाली देली ना मी. आता धाकट्याले सतरावाली देऊ? मांडवातच नाक कापलं जाईन माहं.”

थोरल्याची ती एकवीसवाली मीच विकलेली होती. पत्र्याला सोन्याचं पाणी चढवलेली घडी. तिच्यासारख्या टोपलीभर घड्या दिल्या असत्या तरी या एका घडीची बरोबरी झाली नसती. मी हे रामाजींना समजावलं. मशीन दाखवली. डायल दाखवलं. मूळचं पांढरं, पण वर्षांनी त्यावर सायीचा रंग आला होता, अगदी एकसारखा, एक डाग नाही. केसच्या, म्हणजे बाहेरच्या सोन्याच्या कवचाच्या, कडा अजून धारदार होत्या, पट्टा अडकवायच्या कानामागचा सोन्याचा शिक्का स्पष्ट वाचता येत होता. मी म्हटलं, मशीन खोलतो, धुतो, तेल देतो, थकलेली स्प्रिंग बदलतो. बाकी कशाला हात लावू नका. अशा घडीची किंमत ती जशी निघाली तशी राहण्यात असते.

रामाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, डायल पिवळं पडलं आहे, पांढरंफेक करा. गाढवाला गुळाची चव काय!

मी नाही म्हटलं. मग ते उठून गल्ल्यावर दुकानाचे मालक, आमचे शेठ, यांच्याकडे गेले. शेठ कधी कुणाला नाही म्हणाले नव्हते. गिऱ्हाइकानं घडीला शिंगं लावायला सांगितली असती, तर शेठनी फक्त एवढंच विचारलं असतं की सरळ हवीत की वाकडी. ते माझ्या टेबलाशी आले.

“घडी तुझी आहे का?”

“नाही.”

“मग तुझं काय जातं?”

माझं काही जात नव्हतं, हे खरंच. मी मशीनचं काम माझ्या हातानं केलं आणि ते असं केलं की मॅनेजरच्या काळीही ती इतकी बरी चालली नसेल. डायल आणि केस शेठनी दुसऱ्यांकडे धाडलं. इतवारीतल्या डायल पेंटरनं जुनं सगळं औषधानं धुऊन काढलं, वर दुधासारखा पांढरा हात मारला, कंपनीचं नाव छापलं आणि खाली लाल शाईत एकवीस ज्वेल्स लिहिलं. लाल! केसवाल्यानं पॉलिशच्या चाकावर कडा गोल केल्या आणि शिक्काही पुसून टाकला. परत आली तेव्हा ती खरी सोन्याची, खरी स्विस घडी अगदी जत्रेतल्या घडीसारखी दिसत होती. रामाजी मात्र हरखून गेले. “आता दिसते ना काही,” म्हणाले.

लग्न झालं. मला बुंदीचा पुडा आला, तो मी खाल्ला.

महिनाभरानं दुकानात मंडळी शिरली. पुढे नत्थूजी, म्हणजे मंदाचे सासरे, कळमेश्वरचे जिनिंगवाले. मागे त्यांचा मुलगा. त्याच्या मागे पत्र्याची पेटी घेऊन मंदा, आणि सगळ्यांत शेवटी, पडलेल्या चेहऱ्यानं रामाजी. नत्थूजींनी निरोप धाडून त्यांना मौद्याहून बोलावून घेतलं होतं. घडीच्या डबीवर आमच्या दुकानाचं नाव होतं, म्हणून पंचाईत आमच्याकडे आली.

झालं होतं ते असं. कळमेश्वरातल्या एका कारागिरानं घडी उघडून पाहिली. बाहेर एकवीस, आत सतरा. त्यानं निकाल दिला, डुप्लिकेट. सोन्याचा शिक्का शोधला, तर तोही नाही. झालं! गावभर बोभाटा झाला की मौद्याच्या ठेकेदारानं जावयाला नकली माल दिला.

“घडी असली निघाली तं सुनेले वापस घेऊन जातो,” नत्थूजी शेठला म्हणाले. “नकली निघाली तं इथूनच मौद्याची बस धरू दे तिले.”

मंदा पेटीजवळ उभी होती. तिचा नवरा शोकेसमधल्या घड्या पाहत होता. त्याला बोलायचं काम वडिलांनी दिलेलं दिसत नव्हतं.

शेठ चाचरले. म्हणाले, आमच्याकडून नीट गेली होती, मधे कुणी मशीन बदलली असेल. म्हणजे कळमेश्वरच्या कारागिरावर ढकलून मोकळे. मी रामाजींकडे पाहिलं. एक वाक्य बोलले असते तर पोरीचा प्रश्न सुटत होता. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे घडी जुनी घेतली आणि आकडा मीच लिहवून घेतला, हे व्याह्यासमोर कबूल करायचं. ते आपल्या चपलांकडे बघत राहिले. पोरीची पेटी समोर आणि याला अजून आपल्या नाकाची काळजी. माझं डोकंच फिरलं.

मी उठून गल्ल्याशी गेलो आणि सांगितलं. घडी असली आहे, मशीन असली आहे, केस सोन्याचं आहे, हवं तर सराफाकडे कसावर लावा. खोटा आहे तो फक्त लाल आकडा. तो रामाजींनी सांगितला आणि आमच्या शेठनी लिहवून घेतला. शेठनी माझ्याकडे असं पाहिलं की नोकरी गेलीच. पण ती गेली नाही, कारण माझ्यासारखा कारागीर तेवढ्या पगारात त्यांना मिळाला नसता.

मला वाटलं, संपलं. नत्थूजींनी घडी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली.

“म्हणजे ही सतराचीच हाय,” ते म्हणाले. “थोरल्या जवायले एकवीस, अन् आमच्या पोराले सतरा?”

मी आजवर पुष्कळ गिऱ्हाइकं पाहिली, पण त्या क्षणी मला बसायला स्टूल लागलं. हे दोघे व्याही एकमेकांना कसे सापडले, हे लग्न जमवणाऱ्यालाच ठाऊक.

शेठ मात्र खुलले. हे गिऱ्हाईक त्यांच्या ओळखीचं होतं. त्यांनी शोकेसमधून थोरल्याला दिली तशीच पत्र्याची, चकचकीत, एकवीसवाली घडी काढली. जावयानं बांधून पाहिली. त्याचा चेहरा पहिल्यांदा हलला. नत्थूजींनी आकडा दोनदा वाचला आणि मान डोलावली. रामाजींनी लगेच पाकीट काढलं.

सोन्याची घडी काउंटरवर तशीच पडली होती. तिच्याकडे कुणी पाहीना.

“ही कोणालेच नको असंन तं मले द्या,” मंदा म्हणाली. “मी बांधीन.”

नत्थूजी म्हणाले, मर्दाची घडी बाईच्या हातात बरी दिसत नाही. पण तोवर तिनं ती उचलली होती. पट्टा ढिला होत होता, मी त्याला एक भोक पाडून दिलं. मग पेटी उचलून ती सासरच्या माणसांमागे कळमेश्वरच्या बसकडे गेली.

पत्र्याच्या घडीनं दुसऱ्याच पावसाळ्यात पाणी घेतलं आणि राम म्हटलं. सोन्याची अजून चालते. मंदाताई ती अधूनमधून सर्व्हिसिंगला आणायच्या, पुढे मी माझं छोटं दुकान टाकलं तिथेही. एकदा मोडीत आलेल्या एका घडीवरून मला त्याच कंपनीचं, त्याच मापाचं मूळ डायल मिळालं. रंगही तसाच सायीचा. मी ते जपून ठेवलं आणि त्या आल्यावर मोठ्या तोऱ्यात समोर ठेवलं. म्हटलं, आता तुमची घडी पुन्हा असली करतो, तो लाल कलंक काढून टाकू.

त्यांनी दोन्ही डायलं पाहिली.

“राहू द्या, काका,” त्या म्हणाल्या. “तो एकवीस लिवला म्हणूनच तं घडी मले भेटली.”

मी लाल आकड्याचं डायल परत बसवलं. जन्मभर मी गिऱ्हाइकांना सांगत आलो की घडीचं असलीपण जपा. त्यांपैकी ज्यांनी ऐकलं ते बोटावर मोजण्याएवढे, आणि जिनं सर्वांत नीट जपलं तिनं माझं ऐकलंच नाही.