थेनची सात पावलं

आर्व्हिलानं एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर बस सुटली, पण माणसं हाकायची सवय काही सुटली नाही. दर मंगळवारी सकाळी हॅडलॉक कॅनियनच्या फाटकाशी गावातली आठ-दहा म्हातारी माणसं जमत आणि ती त्यांना लाल घळीतून मैलभर फिरवून आणी. चाल इतकी संथ, की त्यांच्यातला थेन म्हणायचा, “काल एका कासवानं मागून येऊन वाट मागितली!”

“मग द्यायची होतीस,” आर्व्हिला म्हणे. “खडक कुठं पळून चाललेत? बघत चला.”

नियम एकच. वाटेच्या कडेची काळपट, पापडासारखी माती बारीक शेवाळानं धरलेली, म्हणजे जिवंत असते. तिच्यावर पाय द्यायचा नाही. कुणाचा बूट पडलाच, तर आर्व्हिलाचा बसमधला आवाज लागे. “कोण रे ते? पाय वर! शंभर वर्षं लागली तिला एवढं धरायला आणि तुम्हाला मोडायला एक टाच!” पंचाहत्तरीची नोरीनसुद्धा तेव्हा पहिलीतल्या पोरीसारखी पाय झटकन उचली.

ऑगस्टमधल्या त्या मंगळवारी नोरीनचे गुडघे कुरकुरत होते, म्हणून फाटकाशी परतायला अकरा वाजले. आर्व्हिलानं डोकी मोजली. नऊ. निघताना दहा होती.

“थेन कुठंय?”

“मला वाटलं, तुझ्यापुढं गेला,” नोरीन म्हणाली.

“मला वाटलं, तुझ्यामागं आहे!”

डोक्यावर लख्ख ऊन होतं, पण वरच्या पठारावर आभाळ शाईसारखं झालं होतं. तिकडं पडलेलं पाणी घळीतल्या कोरड्या नदीतून कधी धावत येईल याचा नेम नाही. “गाड्यांपाशी थांबा सगळे. हलायचं नाही!” म्हणून आर्व्हिला उलटी फिरली आणि या फेऱ्यांच्या बारा वर्षांत पहिल्यांदा त्या वाटेवरून पळाली.

“थेऽऽन!” हाका मारून घसा सुकला. त्याचं कानातलं यंत्र नेहमीप्रमाणं गाडीत राहिलेलं.

अर्ध्या वाटेवर तो दिसला. वाटेच्या खालच्या अंगाला, नदीकाठच्या एका खडकावर टोपी धरून बगळ्यासारखा उभा.

“तिथं काय करतोयस?” ती ओरडली.

“उभाय!”

“ते दिसतंय मला!”

“सरडा बघायला दगडादगडांवरून आलो. मधला दगड घरंगळला. आता मधे तुझी माती आहे.”

खडक आणि वाट यांच्यामध्ये सात पावलांचा काळा पापड. पलीकडे नदीत उतरावं, तर पुरुषभर उडी. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती कोण मारणार?

“किती वेळ झाला?”

“पाऊण तास! तू ओरडशील म्हणून.”

घळीच्या वरच्या तोंडातून गुरगुर ऐकू येऊ लागली, लांबून मालगाडी यावी तशी. थेनला ती कुठून ऐकू येणार?

“ये इकडं! तुडव माती!”

“काय?”

“तुडव!”

“मागच्या मंगळवारी अर्ध्या टाचेपायी माझ्या सात पिढ्या उद्धरल्यास! आणि आज तुडव?”

“पाणी येतंय, गाढवा! आता पाय उचलला नाहीस, तर मीच येऊन तुला उचलून आणीन. जायची सात, यायची सात. चौदा पावलं होतील!”

हा हिशेब मात्र त्याला पटला. तो उतरला. करकर, करकर. प्रत्येक पावलाला खाली वाकून मातीला म्हणे, “माफ कर हं, बाई.” सातव्या पावलाला आर्व्हिलानं त्याचं मनगट धरलं आणि दोघं वाटेवरून चढाकडं सरकली. तेवढ्यात चॉकलेटी पाणी ओंडके घेऊन आलं. बघता बघता तो खडक दिसेनासा झाला.

आर्व्हिला मटकन बसली. जीव भांड्यात पडला आणि हसू की रडू हे कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं.

“रागावलीस?” थेननं विचारलं.

“बूट झटक,” ती डोळे पुसत म्हणाली.

पाणी मातीवर फार चढलं नव्हतं, थेनची पावलं तशीच उमटून होती. पुढच्या मंगळवारी एक नवी बाई काठाशी थांबून चुकचुकली. “अगं बाई! कुणी तुडवलं हे?”

थेन ऐटीत बोट वर करणार, तोच आर्व्हिला म्हणाली, “मीच सांगितलं होतं.” आणि तिनं तिथंच, अर्ध्या वाटेवर, डोकी पुन्हा मोजली. अकरा. थेनला तिनं दोनदा मोजून पाहिलं.