कस्तुरीअक्कांना नाव ठाऊक नसलेलं फूल

कस्तुरीअक्का मूळच्या निपाणीच्या. बनशंकरीच्या पोस्टात त्यांची उभी नोकरी टपाल लावण्यात गेली. अर्धवट पत्त्याचं पाकीट हाती आलं की त्यांना जेवण गोड लागत नसे. निवृत्तीनंतर त्या आणि नवरा महांतेश आनेकलच्या अलीकडच्या एका वसाहतीत राहायला आले, आणि पाकिटांची जागा मागच्या झाडीतल्या रोपांनी घेतली. जिथं इतरांना साप आणि कचरा दिसे, तिथल्या पानापानाचं नाव अक्का शोधून काढत. वसाहतीत कुणालाही झाड अडलं की तो अक्कांचं दार वाजवी.

यंदा जूनमध्ये जांभळाखाली एक पिवळं फूल आलं. सहा पाकळ्या, गवतासारखी पानं, आणि देठाचा पत्ता नाही. फूल थेट मातीवर ठेवल्यासारखं. नेमकं त्याच आठवड्यात वसाहतीचे सेक्रेटरी शिवाप्पा यांनी रविवारी झाडीत गवत कापायचं मशीन फिरवायचं ठरवलं. अक्का आडव्या आल्या.

"नाव सांगा अक्का," शिवाप्पा म्हणाले. "नाव असलं तर ठेवू. नसलं तर गवतच की ते."

झाडाला हात लावायचा नाही, हा अक्कांचा नेम. पण त्या दिवशी त्या गुडघे कुरकुरत असताना खाली बसल्या आणि केसातल्या पिनेनं माती उकरू लागल्या.

"पोस्टात पार्सलं अशीच फोडत होतीस काय?" छत्री धरून उभ्या महांतेशनी विचारलं.

अक्कांचं लक्षच नव्हतं. फुलाची बारीक नळी खाली मातीत गेली होती, फळ धरायची जागाही मातीतच, आणि त्याखाली काळपट मूळ. काळी मुसळी! अक्कांना इतका आनंद झाला की त्यांनी महांतेशचं धोतर ओढून त्यांना खाली वाकवलं.

मग त्यांचा चेहरा उतरला. काळी मुसळी म्हटलं की लोकांना फूल नाही, औषधाचं मूळ दिसतं. मागच्या वर्षी कडुलिंबावरच्या गुळवेलीचं नाव त्यांनीच कौतुकानं सांगितलं होतं. आठवड्यात लोकांनी ती ओरबाडून नेली. गुडघ्यांसाठी सगळ्यात जास्त शिवाप्पांनीच नेली होती. अक्कांनी माती परत लोटली.

संध्याकाळी वसाहतीच्या बैठकीत शिवाप्पांनी विचारलं, "कळलं काय नाव?"

"नाही कळलं," अक्का म्हणाल्या.

कुणीतरी फिदीफिदी हसलं. महांतेशनी तोंड उघडलं, तशी अक्कांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते गप बसले. या बाईला हे 'नाही' म्हणणं किती जड गेलं असेल, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्यांना बायकोचा फार अभिमान वाटला.

रविवारी अक्कांनी जांभळाखाली चटई टाकली आणि फुलाला पाठीशी घालून ठाण मांडलं. मशीनवाला कानडी मिसळून म्हणाला, "अक्का, स्वल्प सरका."

"सरी, बरोबर आहे तुझं, पण माझे गुडघे उठू देत नाहीत. तू बाजूनं काप."

त्यानं बाजूनं कापलं. शिवाप्पा पाहायला आले. अक्कांनी थर्मासमधली कॉफी पुढे केली, तसे तेही टेकले आणि फुलाकडे वाकून बघू लागले.

"चांगलं आहे हो," ते म्हणाले. "पण तुम्हाला चकवलं त्यानं."

"चकवलं खरं," अक्का म्हणाल्या, आणि पिनेनं उकरलेल्या जागेवरची माती हलकेच दाबून बसवली.