गाठीचं दार

गल्लीत त्याला सगळे समजा मिस्त्री म्हणत. हे नाव शिंपीण काकूंनी ठेवलं, आणि ते इतकं चपखल बसलं की बायकोही चिडली की तेच वापरायची. कुणाकडे साधं कपाटाचं दार लावायला गेला तरी हा माणूस हातातला स्क्रू तसाच धरून विचारायचा, समजा, लहान पोर याला लोंबकळलं तर? पोर नसलेल्या घरातही विचारायचा. लोक हसायचे आणि काम त्यालाच द्यायचे, कारण ज्याच्या डोक्यात सतत वाईटच येतं त्याने आवळलेली वस्तू सहसा निखळत नाही.

या स्वभावाचं सोनं व्हायचं ते फुटलेली घरं बंद करण्याच्या कामात. काच फुटते, चोर दार मोडतो, आगीत चौकट जळते, आणि नवी काच किंवा नवं दार काही त्याच दिवशी येत नाही. तोवर घर उघडं कसं टाकणार? मिस्त्री मापाचा प्लाय कापायचा, बाहेरून खिडकीवर टेकवायचा, आतून दोन आडव्या पट्ट्या घालायचा आणि लांब बोल्टांनी प्लाय न् पट्ट्या एकमेकांकडे ओढून घ्यायचा. नट सगळे आतल्या बाजूला. बाहेरून नुसता सपाट प्लाय, बोट शिरायलाही फट नाही. काम झालं की तळहात फिरवून कडा तपासायचा, खांद्याने एक धक्का द्यायचा, चार पावलं जायचा आणि परत येऊन पुन्हा हात फिरवायचा. जेवता जेवता कुणाचा तरी बोल्ट आठवून ताटावरून उठलेला नवरा बायकोने कितीदा तरी पाहिला होता.

हात त्याला वडिलांकडून मिळाला होता, धास्ती मात्र स्वतःची. आबांना कसलीच भीती नसे. आयुष्य लाकडाच्या वखारीत गेलं, आणि घराचं पुढचं दार त्यांनी तिथूनच स्वतः निवडलेल्या फळ्यांचं केलं. एका फळीत, बरोबर छातीच्या उंचीवर, मोठी गाठ होती. मुलगा म्हणाला, लांबीचा लगदा भरून रंग देऊ, दिसणार नाही. आबा म्हणाले, तिथे झाडाला फांदी फुटली होती, त्यात लपवायचं काय? गाठ राहिली. बाहेरून आले की आबा आधी त्या गाठीवर अंगठा ठेवत आणि मग कडी वाजवत. इतक्या वर्षांच्या अंगठ्याने ती नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली होती.

आता आबा सगळं विसरायला लागले होते. जेवलो का, आज वार कुठला, हातातल्या पटाशीला म्हणतात काय, कशाचाच भरवसा नव्हता. दोनच गोष्टी शाबूत होत्या, घर आणि मुलगा. सकाळी मिस्त्री त्यांना उठवायला जाई तेव्हा डोळे उघडून ते काय म्हणतात याकडे त्याचा सगळा जीव लागलेला असे. "आलास का रे" म्हणाले की त्याचा दिवस सुरू होई. हे भय त्याने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. तिला ते न सांगता कळत होतं.

दुपारी आबा एकटे वखारीपर्यंत चालत जात, राखणदाराजवळ बसत आणि आपले आपण परत येत. डॉक्टर म्हणाले होते, जाऊ द्या, सवयीला वाट ठाऊक असते. शिवाय गल्लीत खिडक्या होत्या. सगळी घरं एकाच साच्यातली, भिंतीला भिंत लागून, पण प्रत्येक खिडकीत कुणी ना कुणी असायचं. शिंपीण काकू मशीनवरून मान वर करायच्या, पोस्टातले काका आपल्या खुर्चीतून हात करायचे. आबा घर ओलांडून पुढे गेलेच तर कुठून तरी हाक यायची, "आबा, घर मागे राहिलं." आबा हसून वळायचे.

मग ते वादळ झालं. गारांनी गल्लीतली एकही काच शाबूत ठेवली नाही, आणि मिस्त्रीच्या दारावर भलीमोठी फांदी पडली. वरची बिजागरी चौकटीचा तुकडा घेऊन उपटून आली, दार मधोमध चिरलं. सकाळी बातम्यांत सांगितलं की संध्याकाळपर्यंत दुसरं येतंय, याहून मोठं. झालं, सगळी गल्ली मिस्त्रीच्या अंगणात. त्याने वखारीतून प्लाय आणवला आणि एका टोकापासून घरं बंद करत सुटला. स्वतःचं घर अर्थातच शेवटी, दुसऱ्यांना ताटकळत ठेवून आपलं दार लावणाऱ्यातला तो नव्हता. दुपारपर्यंत गल्लीचा चेहराच बदलला. कुणाची हिरवी खिडकी, कुणाच्या जाळ्या, कुणाच्या घराचा नंबर, सगळं फिकट पिवळ्या प्लायखाली गेलं. शिंपीण काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, की सगळ्यांना एकाच मापाचं झबलं शिवलंस की रे. मिस्त्रीने एका रेषेत आलेल्या कडांकडे पाहिलं आणि त्याला मनातून बरं वाटलं.

तो पोस्टातल्या काकांच्या शिडीवर असताना आबा खालून वखारीकडे गेले. दोन्ही हातांत प्लाय होता, उतरता येईना. वारा अजून पडलेलाच होता. हा बोल्ट झाला की जाऊन आणतो, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि मग पुढचा बोल्ट आला.

स्वतःच्या दाराशी पोचला तेव्हा धूळ उडायला लागली होती. बायको म्हणाली, "आबा येऊ देत, मग लावा." तो म्हणाला, समजा तेवढ्यात वारा आत शिरला तर छप्पर उचलेल, मी इथे दारातच आहे, आले की मागच्या दाराने आत घेतो. बायको आणखी काही बोलणार होती, पण तोवर त्याने चिरलेलं दार खालच्या बिजागरीतून सोडवलं, मागच्या अंगणात नेऊन ताडपत्रीखाली ठेवलं आणि दाराच्या जागी प्लाय चढवला. शेवटचा नट आतून आवळून तो मागून वळसा घालून पुढे येतोय, तोच काकूंनी हाक मारली की त्यांच्या खिडकीचा प्लाय खडखडतोय. नट आतल्या बाजूला, म्हणजे आत जाणं आलं. तो गेला. पाना फिरवत असताना प्लायच्या पलीकडून काहीतरी घासत गेलं. त्याला वाटलं, वारा.

बाहेर आला तर गल्ली रिकामी. आबांची यायची वेळ होऊन गेली होती. पोस्टातल्या काकांनी दार किलकिलं करून विचारलं, "काय रे, झालं का समाधान? मघाशी माझ्या दारावर हात फिरवून गेलास ना?"

काम संपल्यावर मिस्त्री काकांच्या दाराकडे फिरकलाच नव्हता. आबा आले होते. प्रत्येक दारावर, प्रत्येक प्लायवर हात फिरवत, गाठ शोधत, आले होते. आणि आतल्या प्रत्येकाला वाटलं होतं की समजा मिस्त्री नेहमीप्रमाणे आपलं काम तपासतोय. हाक मारायला एकही खिडकी त्याने उघडी ठेवली नव्हती. काकूंच्या घरात तर तो स्वतः आत होता, वीतभर अंतरावर, आणि त्याने नट आणखी घट्ट केला होता.

तो पळत सुटला. वखार बंद झाली होती; राखणदार म्हणाला, ते केव्हाच निघाले, घरी जातो म्हणाले. हमरस्त्यावर झाडं आडवी पडली होती आणि एका खांबावरची तार तुटून फुटपाथवर लोळत होती. दिवसभरात लोकांना ऐकवलेले सगळे समजा आता त्याच्याच अंगावर आले. समजा त्या तारेवर पाय पडला असेल. समजा रस्ता ओलांडायला गेले असतील. समजा कुठेतरी बसून असतील आणि कुणी विचारलं तर घरचा पत्ता सांगता येणार नाही. जगातली प्रत्येक आपत्ती आगाऊ मोजून ठेवणाऱ्या माणसाला हीच एक सुचली नव्हती. शेजारच्या गल्लीत शिरला, हाका मारल्या. वाऱ्यात त्याचा आवाज त्यालाच ऐकू येईना. उजेडही उतरायला लागला.

परत आला तेव्हा बायको गल्लीच्या तोंडाशी उभी होती. तीही नाक्यापर्यंत जाऊन आली होती. तो पुन्हा वळणार तेवढ्यात तिने त्याचा दंड धरला.

"तुम्ही त्यांना शोधताय," ती म्हणाली, "आणि ते दार शोधताहेत. पाय त्यांना फिरून फिरून इथेच आणणार. पण आले तर थांबतील कशापाशी?"

मिस्त्री मागच्या अंगणात धावला, ताडपत्री फेकली आणि ते चिरलेलं जड दार पाठीवर घेऊन पुढे आला. बिजागरी नाही, चौकट मोडलेली. त्याने ते उंबऱ्यावर टेकवून थेट प्लायवरच लांब स्क्रूंनी ठोकलं. ना माप घेतलं, ना ओळंबा. असं काम दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याने दिवसभर बोलून दाखवलं असतं. वाऱ्याचा जोराचा झोत आला तसं चिरेतून दार कुरकुरलं आणि एक स्क्रू अर्धा बाहेर आला. त्याने खांदा लावला. बायको गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेली. शिंपीण काकू आणि पोस्टातले काका आपापली दारं सताड उघडून, धूळ घरात घेत, उंबऱ्यावर उभे राहिले.

काकांनीच आधी पाहिलं. त्यांनी नुसता हात वर केला.

कोपऱ्यावरून आबा येत होते. सदरा वाऱ्याने अंगाला चिकटलेला, एका पायात चप्पल नव्हती. पहिल्या घराशी थांबले, प्लायवर हात फिरवला, आतल्या कुणाची तरी माफी मागावी तशी मान हलवली आणि पुढे निघाले. दुसऱ्या घराशीही तसंच. धावत जाऊन त्यांना कवेत घ्यावं असं मिस्त्रीला वाटलं, पण खांदा काढला असता तर दार उन्मळून खाली आलं असतं, आणि मग ते थांबले कशापाशी असते? तो जागचा हलला नाही. दार धरून उभा राहिला.

आबा समोर आले. हात चिरेवरून फिरला, थोडा खाली सरकला, आणि अंगठा गाठीवर जाऊन बसला. त्यांचा सगळा चेहरा सैल पडला. मिस्त्रीच्या डोळ्यांतून पाणीच आलं.

"आबा," तो म्हणाला.

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग दाराच्या वरच्या कडेकडे पाहिलं.

"वाकडं बसवलंत, मिस्त्री," ते म्हणाले. "तुम्ही नवीन दिसता इकडे. या घरात माझा मुलगा राहतो. त्याला विचारायचं होतंत. फार सरळ हात आहे त्याचा."

मिस्त्री म्हणाला, "घाई झाली. वारा होता."

"उघडा आता. पोरगं जरा घाबरट आहे. जिवाला घोर लावून घेतला असेल त्याने."

तो म्हणाला, मागच्या दाराने जाऊ. आबांना ते पटलं नाही. स्वतःच्या घरात चोरासारखं मागून कशाला जायचं? तेवढ्यात बायको धावत पोचली होती. ती काही न विचारता मागून आत गेली आणि एकेक नट सोडवायला लागली. शेवटचा सुटला तसं प्लाय आणि दार मिळून सगळं ओझं मिस्त्रीच्या हातांवर आलं. त्याने ते छातीशी धरून एका बाजूला कलतं केलं, माणूस आत जाईल एवढं. आबांनी गाठीवरचा अंगठा काढला, त्याच्या हाताखालून वाकून आत गेले आणि उरलेली एक चप्पल नेहमीच्या जागी ठेवली.

"सूनबाई," आतून त्यांचा आवाज आला, "बाहेरच्या मिस्त्रींना पाणी दे. आणि पोराला सांग, मी आलोय म्हणून."

"सांगते," ती म्हणाली.

ती पेला घेऊन दाराशी आली. मिस्त्रीचे दोन्ही हात अडकले होते, म्हणून तिने तो त्याच्या ओठांना लावला, आणि तो प्यायल्यावर हळूच म्हणाली, "आबा आलेत."