तिसरं नाव

पीएच.डी.चे मार्गदर्शक मराठी निघाले, याचा घरात सगळ्यात जास्त आनंद बाबांना झाला. नांदेडकडच्या एका खेड्यातून ते हैदराबादला आले, टपालखात्यात लागले आणि विद्यानगरच्या दोन खोल्यांत त्यांनी आम्हा भावंडांना वाढवलं. ऑफिसात तेलुगू, बाजारात दखनी. मराठी फक्त घरात. प्राणी-जैवतंत्रज्ञान म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण सर आपल्या भाषेचे आहेत, पोरीला सांभाळून घेतील, असं ते भेटेल त्याला सांगत सुटले.

सर बरकतपुऱ्यातल्या जुन्या वकिली घराण्यातले. पहिल्या दिवशी त्यांनी मला बसवून घेतलं, चहा मागवला. मूळ गाव कुठलं, वडील काय करतात, असं विचारत विचारत ते सणांवर आले. तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा? मी सांगितलं, आमच्याकडे गणपती नसतो. आम्ही चौदा एप्रिल आणि बुद्धपौर्णिमा करतो. सर म्हणाले, "हो का? छान." दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याशी इंग्रजीत बोलू लागले.

माझं काम म्हशीच्या भ्रूणांवर होतं. कत्तलखान्यातून म्हशींची अंडाशयं थर्मासमध्ये कोमट सलाइनात घालून आणायची, सुईने त्यातली बीजं ओढून घ्यायची, बशीत त्यांचं फलन करायचं आणि भ्रूण सात दिवस जगतात का ते पाहायचं. पहिली दोन वर्षं ते जगले नाहीत. चौथ्या-पाचव्या दिवशी काळे पडायचे. आठवड्यातून तीनदा मी कत्तलखान्याच्या ओल्या फरशीवर थर्मास घेऊन उभी असायची. परतताना बसमध्ये शेजारची बाई नाकाला पदर लावून उठून जायची. सर सोमवारी प्रगती विचारत आणि उत्तर पुरं व्हायच्या आत पुढे निघून जात.

चूक शेवटी मलाच सापडली. भ्रूण ज्या थेंबांत वाढतात ते सुकू नयेत म्हणून वर तेल ओततात. दोष त्या तेलात होता. एकेक गोष्ट बदलून पाहत तिथवर पोचायला मला चार महिने लागले. तेल धुऊन वापरलं, आणि सातव्या दिवशी भ्रूण टपोरे फुगलेले दिसले. मी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला आणि तिथेच स्टुलावर बसून रडले.

त्यातला एक भ्रूण विद्यापीठाच्या गोठ्यातल्या म्हशीत रुजला. दहा महिन्यांनी रेडकू झालं. बाबा रजा काढून बघायला आले. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, ते त्यांच्या शर्टाची बाही चाटत राहिलं, आणि बाबा कितीतरी वेळ तिथून हलले नाहीत.

शोधनिबंध छापून आला तेव्हा माझं नाव तिसरं होतं. पहिलं नाव सरांच्या मित्राच्या मुलाचं. तो शेवटच्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेत आला होता; सुई कशी धरायची हेही त्याला मीच शिकवलं होतं. आमच्या क्षेत्रात पहिलं नाव ज्याचं, काम त्याचं.

मी सरांच्या खोलीत गेले. त्यांनी दार लावायला सांगितलं आणि एवढ्या वर्षांनी ते मराठीत बोलले.

"हात तुझेच आहेत, मी कुठे नाही म्हणतो? पण निबंध हातांनी लिहिला जात नाही."

"मसुदाही मीच लिहिलाय, सर."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "शिष्यवृत्तीवर इथवर आलीस. आता पदवी घे आणि मोकळी हो."

मी तक्रारअर्ज लिहिला. बाबांनी तो दोनदा वाचला आणि घडी घालून मला परत दिला. प्रबंधावर सरांचीच सही लागणार आहे, आधी पदवी पदरात पडू दे, म्हणाले. मला बाबांचा राग आला, आणि मी त्यांचं ऐकलं. अर्ज दिलाच नाही.

तो मुलगा आता परदेशात संशोधन करतो. मी नारायणगुड्यातल्या एका खासगी कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. वर्गात बेडकाची आकृती काढते. तेही एक वेळ चालेल. मला सलतं ते दुसरंच. प्रबंधाच्या सुरुवातीला ऋणनिर्देशाचं पान असतं. सरांच्या मायेने केलेल्या मार्गदर्शनाशिवाय हे काम झालंच नसतं, असं त्यावर छापलंय. ते माझ्याकडून कुणी लिहून घेतलं नव्हतं. सही अडकू नये म्हणून मी आपण होऊन लिहिलं, आणि चांगलं वाटावं म्हणून दोनदा सुधारलंही.

पदवी मिळाली त्या दिवशी बाबांनी ते पान उघडलं आणि आईला मराठीत सांग म्हणाले. मी एकेक वाक्य सांगत गेले.

"एवढं केलं त्यांनी तुझ्यासाठी?" आईने विचारलं.

मी हो म्हणाले.